सोमलाची चार रूपे आणि नदीचे पाणी

स्मरणिकेच्या संपादकांनी आमच्याकडे 'पाणी' या विषयावर लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा क्षिप्रेचे घाट, मांडवचे तलाव आणि आपल्या संस्थेने उन्हाळ्यात चालविलेल्या पाणपोया असाव्यात. त्या सर्वांवर लिहिणारे आमच्यापेक्षा अधिकारी लोक पुष्कळ आहेत. आम्ही मात्र जरा आडवाटेचा विषय घेत आहोत. नदीच्या पाण्यात सोमल किती आहे, आणि तो कोणत्या रूपात आहे, हे कसे मोजतात, हा तो विषय. विषय रुक्ष वाटेल. परंतु संस्थेच्या कामाशी त्याचा संबंध कसा पोचतो हे लेखाच्या ओघात ध्यानात येईल, तोवर वाचकांनी धीर धरावा अशी विनंती आहे.

सोमल हे नाव आपल्या घरांतून अगदीच अनोळखी नाही. इकडे माळव्यात त्यास संखिया म्हणतात, इंग्रजी शिकलेली मंडळी आर्सेनिक म्हणतात. काटेकोरपणे बोलावयाचे तर सोमल हे आर्सेनिक व प्राणवायू यांच्या संयोगाने होणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे नाव आहे. पिवळी हरताळ आणि तांबडी मनशीळ ही आर्सेनिक व गंधक यांची संयुगे. जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ लावून ती पुसून टाकीत, आणि त्यावरूनच 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला. पूर्वीच्या वैद्यांच्या पेटीत हे तीनही पदार्थ असत. म्हणजे एकच मूलद्रव्य पोथीवर रंग म्हणून, पेटीत औषध म्हणून आणि दुष्टाच्या हाती विष म्हणून वावरत होते. रूप बदलले की गुण बदलतो, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांस ठाऊक होती; रसायनशास्त्राने ती फक्त मोजून दाखविली.

आता पाण्यातील रूपांकडे वळू. आर्सेनिक नदीत विरघळले असता मुख्यतः चार रूपांत आढळते. पहिले आर्सेनाइट, यात आर्सेनिक त्रिसंयुजी असते. दुसरे आर्सेनेट, यात ते पंचसंयुजी असते. ही दोन निरिंद्रिय रूपे. तिसरे व चौथे रूप म्हणजे आर्सेनिकास एक किंवा दोन मिथिल गट जोडले जाऊन होणारी सेंद्रिय आम्ले. त्यांस एकमिथिल व द्विमिथिल आर्सेनिक आम्ल म्हणू. आर्सेनाइट हे शरीरातील प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांस घट्ट चिकटते व त्यांचे काम बंद पाडते. आर्सेनेट हे फॉस्फेटासारखे दिसते, त्यामुळे पेशी फसतात आणि फॉस्फेट समजून त्यास आत घेतात. या दोहोंत आर्सेनाइट अधिक जहाल. पाण्यात सामान्यतः आढळणारी मिथिलयुक्त आम्ले त्या मानाने बरीच सौम्य असतात. कोळंबी व समुद्रातील मासळी यांत आर्सेनोबीटेन नावाचे आणखी एक रूप असते, ते तर जवळजवळ निरुपद्रवी मानले जाते. तेव्हा नुसते 'आर्सेनिक इतके' असे सांगणे म्हणजे घरात माणसे किती ते सांगून त्यांत पाहुणा कोण आणि चोर कोण ते न सांगण्यासारखे आहे.

आमच्याकडील मंडळी येथे विचारतील, की धार-देवासास याचे काय? आपली काळी माती ज्या खडकाची झाली तो दख्खनचा काळा पाषाण, आणि त्या पाषाणात आर्सेनिक सामान्यतः अल्पच असते. शंका योग्य आहे. परंतु एक प्रकरण सांगतो. १९९९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात राजनांदगाव जिल्ह्यातील भूजलात सापडलेल्या आर्सेनिकाबद्दल व तेथील लोकांच्या पीडेबद्दल निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अंबागड चौकीच्या परिसरातील कौडीकसा या गावाचे नाव पुढे आले. तेथील विहिरींच्या व हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेपेक्षा अनेक पटींनी अधिक निघाले, आणि गावकऱ्यांच्या तळहातांवर व तळपायांवर जाड खडबडीत पुटकुळ्या, अंगावर काळे-पांढरे ठिपके अशी लक्षणे होती. हा निबंध निघाला तेव्हा राजनांदगाव मध्य प्रदेशातच होते; छत्तीसगड वेगळे झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. म्हणजे ज्या राज्याच्या पाणीखात्याकडे आपण धार-देवासची गाऱ्हाणी नेत होतो, त्याच राज्यातील ही गोष्ट. तेथे कोणी कारखान्याने विष सोडले नव्हते. ते खडकातूनच येत होते. शेजारून वाहणारी शिवनाथ नदी पुढे राजनांदगाव व दुर्ग यांवरून जाऊन महानदीस मिळते. त्या शहरांतून आपल्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे आणि आपल्यापैकी काहींचे सोयरसंबंधही आहेत.

दुसरी गोष्ट अशी, की आपले पाणी आपल्यापाशी राहत नाही. महूजवळच्या जानापावच्या डोंगरातून निघणारी चंबळ धार जिल्ह्यात घाटाबिल्लोदवरून जाते. देवासची क्षिप्रा तिलाच मिळते; बागलीच्या डोंगरांतून निघणारी काळी सिंधही तिलाच. चंबळ यमुनेस व यमुना गंगेस. उलट सरदारपूरकडे उगम पावणारी मही पश्चिमेस खंबायतच्या आखाताकडे जाते, आणि कुक्षी, मनावर, नेमावरकडचे पाणी नर्मदेत उतरते. आपल्या दोन जिल्ह्यांवर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांस जातो. ज्या गंगेच्या खोऱ्यास आपण पाणी पाठवितो तेथे, बिहार व बंगालमध्ये, आर्सेनिकाचा प्रश्न आपल्या देशात सर्वांत बिकट आहे. मात्र तो प्रश्न नदीच्या प्रवाहापेक्षा तिने हजारो वर्षांपूर्वी टाकलेल्या गाळाचा आहे, हा भेद ध्यानात ठेवावा.

बंगालची हकीकत आपल्या संस्थेच्या सभासदांनी अवश्य वाचावी अशी आहे. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी त्वचेवरील डाग घेऊन आलेल्या खेडुतांचा रोग ओळखला. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगाव फिरून हजारो कूपनलिकांचे पाणी तपासले. कौडीकसाच्या शोधातही त्यांचाच हात होता. या कूपनलिका कोणी वाईट हेतूने खोदल्या नव्हत्या. तळ्यांचे व नदीचे पाणी पिऊन मुले पटकी-अतिसाराने मरत होती. ती वाचावीत म्हणून सरकारने व दानशूर संस्थांनी त्या बसविल्या, आणि पटकीच्या बाबतीत त्यांचा उपयोगही झाला. पाणी स्वच्छ होते, थंड होते, जंतू नव्हते. त्यात आर्सेनिक आहे का, हे पाहण्याचा तेव्हा प्रघात नव्हता, म्हणून कोणी पाहिले नाही. गाळाखाली प्राणवायू संपला की लोहाच्या गंजासारख्या कणांवर धरून बसलेले आर्सेनिक सुटते आणि पाण्यात येते, ते मोठ्या प्रमाणावर आर्सेनाइटच्या, म्हणजे जहाल रूपात. ही सारी कथा कळावयास वीस-पंचवीस वर्षे गेली.

आता मोजणीकडे येऊ. ही विद्या न्यायालयातून निघाली, हे पुष्कळांस माहीत नसते. १८३३ साली इंग्लंडात एका तरुणावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा आरोप होता. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने त्यात सोमल आहे हे पिवळ्या साक्याने सिद्ध केले; परंतु खटला उभा राहीपर्यंत तो साका बिघडला, पंचांची खात्री पटली नाही आणि आरोपी सुटला. मार्श यांस ते इतके लागले की त्यांनी १८३६ साली नवी परीक्षा प्रसिद्ध केली. जस्त व आम्ल यांच्या योगाने आर्सेनिकाचा वायू (आर्साइन) करावयाचा, तो काचेच्या नळीत तापवावयाचा, म्हणजे नळीस आरशासारखा काळा चकचकीत थर धरतो. तो थर पंचांस डोळ्यांनी दाखविता येई. पुढे १८७९ साली गुट्झाइट यांनी तोच वायू रसायन लावलेल्या कागदावर सोडून डागावरून प्रमाण ठरविण्याची युक्ती काढली. आज गावात जी लहान पेटी घेऊन तपासनीस येतो, तिच्यात हेच तत्त्व आहे: मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली पट्टी पिवळी होते, आणि आर्सेनिक अधिक असल्यास तपकिरी. ही पेटी स्वस्त आहे व उपयोगी आहे. पण ती डोळ्यांच्या अंदाजावर चालते, पाण्यात गंधकाचा वायू असल्यास फसते, आणि रूपे वेगळी करून सांगत नाही.

किती सूक्ष्म मोजावयाचे असते त्याची कल्पना द्यावी लागेल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली सुचविली. आपल्याकडे ती पूर्वी ५० होती, नंतर १० वर आणली. देवासच्या मंडळींस टँकरच्या भाषेत सांगितलेले लवकर कळेल. १९९० साली इंदूरहून देवासास आगगाडीने पाणी आणावे लागले होते, ते दिवस पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. दहा हजार लिटरचे दहा टँकर ओळीने उभे करा आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर आर्सेनिक सारखे मिसळा. ही झाली मर्यादा. दूषित नसलेल्या बहुतेक नद्यांत तर एखाद-दुसरा मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. त्या एकाचे चार वाटे करून प्रत्येकाचे माप सांगावयाचे, हे काम आहे.

ते प्रथम साधले १९७३ च्या सुमारास. फ्लोरिडातील ब्रॅमन व फोरबॅक या दोघांनी आर्सेनिकाच्या सर्व रूपांचे वायू करून ते द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या नळीत गोठविले, आणि मग नळी हळूहळू तापू दिली. साधे आर्साइन उणे ६२ अंशांच्या सुमारास उकळते, एक मिथिल गटाचे २ अंशांस, दोन गटांचे ३६ अंशांस. त्यामुळे ते एकामागून एक बाहेर पडले आणि प्रत्येकाची वेगळी नोंद घेता आली. आर्सेनाइट व आर्सेनेट या दोघांचाही एकच आर्साइन होतो, मग ते वेगळे कसे? पाण्याची आम्लता सौम्य ठेवली तर आर्सेनाइटचाच वायू होतो. आम्ल वाढविले की आर्सेनेटचाही होतो. दोन्ही वेळच्या मापांची वजाबाकी केली की उत्तर मिळते. आम्हांस ही पद्धत फार आवडते. तिच्यात यंत्र थोडे आणि विचार पुष्कळ आहे.

आज मोठ्या प्रयोगशाळांत दोन यंत्रे जोडून हे काम करतात. पहिल्यात पाणी एका बारीक नळीतून दाबाने ढकलतात. नळीत धनभाराचे कण भरलेले असतात. आर्सेनाइटवर नदीच्या पाण्यात विद्युत्‌भार नसतो, आर्सेनेटवर ऋणभार असतो. बाजारातून जाताना ज्याची कोणाकडे उधारी नाही तो सरळ निघून जातो आणि ज्याची दर दुकानी उधारी आहे तो सर्वांच्या मागून पोचतो, तसे आर्सेनाइट आधी बाहेर येते, मग द्विमिथिल, मग एकमिथिल, आणि शेवटी आर्सेनेट. दुसऱ्या यंत्रात आर्गॉन वायूची हजारो अंश तप्त ज्योत असते. तिच्यात सर्व काही मोडून अणू सुटे होतात आणि त्यांचे वजन करून ते मोजले जातात. आर्सेनिकाच्या अणूचे वजन ७५. येथे एक गंमत आहे. ज्योतीतील आर्गॉन (४०) आणि पाण्यातील मिठाचा क्लोरीन (३५) यांची जोडी जमली तर तिचेही वजन ७५ च होते! खारट पाण्यात त्यामुळे नसलेले आर्सेनिक दिसू लागते. म्हणून वाटेत हेलियम वायू ठेवून या तोतया जोडीची गती मारावी लागते. प्रयोगशाळेच्या अहवालावर भरवसा ठेवण्यापूर्वी हा बंदोबस्त केला होता का, हे विचारण्याचा हक्क नमुना देणाऱ्यास आहे.

परंतु आमच्या मते खरी परीक्षा यंत्राजवळ नसून नदीकाठी आहे. एकूण आर्सेनिक मोजावयाचे असेल तर बाटलीत आम्ल घालून ती महिनाभर ठेवली तरी चालते. रूपे मोजावयाची असतील तर घड्याळ बाटली भरल्या क्षणापासून चालू होते. विहिरीचे पाणी वर येताच त्यातील लोह हवेने गंजते, पिवळा साका खाली बसतो, आणि आर्सेनेटास आपल्याबरोबर घेऊन जातो. ऊन लागले तर लोहाच्या साहाय्याने आर्सेनाइटचे आर्सेनेट होते. म्हणजे जहाल विष बाटलीतल्या बाटलीत आपले रूप पालटते आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळेत 'आर्सेनाइट आढळले नाही' असे लिहून येते. उपाय असे आहेत: पाणी घाटाच्या कडेचे न घेता वाहत्या धारेचे घ्यावे; काठावरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे. लोह धरून ठेवणारे ईडीटीए नावाचे द्रव्य घालावे. बाटली काळी असावी, काठोकाठ भरावी, बर्फात ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर पोचवावी. याहून सोपी युक्ती म्हणजे काठावरच पाणी एका लहान नळकांड्यातून सोडणे. त्यात ऋणभारी आर्सेनेट अडकते, आर्सेनाइट पार जाते, आणि दोन बाटल्यांत दोन रूपे कायमची वेगळी होऊन घरी येतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यातील पुष्कळसे आर्सेनिक मातीच्या कणांवर बसलेले असते. म्हणून गाळलेले व न गाळलेले असे दोन्ही नमुने घ्यावेत.

ऋतूचाही फरक पडतो. वाहत्या, हवा मिळालेल्या नदीत बहुतेक आर्सेनिक आर्सेनेटच असावे असे रसायनशास्त्र सांगते. पण उन्हाळ्यात पाणी संथ होऊन हिरवे शेवाळ माजले की ते शेवाळ फॉस्फेट समजून आर्सेनेट गिळते आणि चूक कळल्यावर आर्सेनाइट किंवा मिथिलयुक्त रूपात बाहेर टाकते. धरणाच्या खोल थंड तळाशी प्राणवायू संपला तर गाळातूनही आर्सेनाइट सुटू शकते. आपल्या धार जिल्ह्याच्या दक्षिण कडेची नर्मदा एके काळी खळाळत जाई. आता सरदार सरोवराचे पाणी तेथवर येऊन थबकले आहे, २०१९ साली निसरपूर त्यात बुडाले. तेथे कधी कोणी ही मोजणी केली तर ती एका ऋतूत व एका खोलीवर करून चालणार नाही.

शेवटी सर्व आकड्यांचा ताळा पाहावयाचा. चार रूपांची बेरीज आणि वेगळे मोजलेले एकूण आर्सेनिक ही जुळली पाहिजेत, जशी आपल्या खजिनदारांची रोजकीर्द व खतावणी. बेरीज बरीच कमी आली तर एखादे रूप नळीत अडकले किंवा वाटेत साक्यात गेले असे समजावे. नमुन्यात मुद्दाम ठराविक आर्सेनिक घालून ते तितकेच परत मिळते का, हेही पाहतात. अहवालात 'आढळले नाही' असे असेल तर त्याचा अर्थ 'शून्य' असा नव्हे. 'आमच्या यंत्रास दिसले नाही' एवढाच. यंत्रास किती कमी दिसते तो आकडा शेजारी असावा. तो आकडा २० असेल आणि मर्यादा १० असेल तर त्या अहवालाचा काय उपयोग, हे हिशेब जाणणाऱ्या आपल्या सभासदांस आम्ही सांगावयास नको.

रूप कळल्याचा व्यवहारात उपयोग असा. तुरटी, लोहाचे कण, ॲल्युमिना यांच्या गाळण्या भार असलेल्या आर्सेनेटास ओढून घेतात. आर्सेनाइटवर भार नसल्याने ते त्यांतून बरेचसे निसटते. समजा दोन विहिरींत लिटरमागे ४० मायक्रोग्रॅमच आर्सेनिक आहे, पण एकीत आर्सेनेट व दुसरीत आर्सेनाइट. एकाच दात्याने दोन्हीकडे एकच गाळणी बसविली, तर पहिल्या गावाचे भले होईल आणि दुसऱ्या गावास नुसते समाधान मिळेल. दुसरीकडे आधी ब्लीचिंग पावडरीने आर्सेनाइटचे आर्सेनेट करून मग गाळावे लागते. पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही; पाणी आटून ते उलट थोडे दाटच होते, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

धार जिल्ह्याचे स्वतःचे दुखणे फ्लोराइडाचे आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. कित्येक गावांतील हातपंपांच्या पाण्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि मोठ्यांची हाडे व सांधे आखडतात. फ्लोराइडाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून दुसरे पाणी नसल्यास दीडपर्यंत सूट आहे. तेथेही रूपाचा प्रश्न आहेच. मोजणारी कांडी सुटे फ्लोराइडच ओळखते, ॲल्युमिनियमशी जखडलेले ओळखत नाही. म्हणून नमुन्यात आधी ते बंधन सोडविणारे द्रावण घालावे लागते. न घातल्यास आकडा कमी येतो. पिथमपूरच्या भट्टीत २०२५ साली भोपाळचा ३३७ टन विषारी कचरा जाळण्यात आला, तेव्हा लोकांनी राखेबद्दल जे प्रश्न विचारले त्यांतही हाच प्रश्न होता: राखेत धातू एकूण किती, याबरोबर पाण्यात विरघळून जाईल अशा रूपात किती?

आपल्या मंडळींत वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ पाणपोई किंवा कूपनलिका देण्याची चाल आहे. ती मोठी चांगली आहे. कूपनलिका खोदली की पहिल्या दिवशीचे पाणी गढूळ असते, ते तपासू नये. काही दिवस उपसा होऊ द्यावा. मग जंतू, फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक या चारही गोष्टींची तपासणी करून घ्यावी. आर्सेनिक मर्यादेच्या आसपास निघाले तरच रूपांच्या मोजणीचा खर्च करावा. एरवी त्याची गरज नाही. पाऊस संपल्यावर एकदा आणि वैशाखात एकदा असे दोनदा तपासावे, कारण पाण्याची पातळी खाली गेली की खडकाचा निराळा थर पाणी देऊ लागतो. नमुन्याच्या दोन बाटल्या भराव्यात. एक प्रयोगशाळेस द्यावी आणि दुसरी, दिनांक व ठिकाण लिहून, निकाल हाती येईपर्यंत शीतपेटीत जपून ठेवावी. देणगीची पाटी अहवाल आल्यावर लावली तरी चालते.